विक्रांत गेली, तिची विमानं बोगमाळोला आहेत

जुनी विमानवाहू युद्धनौका आयएनएस विक्रांत बघायची सोय आता कुठेही नाही. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४-१५ मध्ये तोडली गेली. पण १९७१ च्या भारत-पाक युद्धात ती ज्यांच्या जोरावर लढली त्या जातीची विमानं गोव्यात, बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल हवाई संग्रहालयात उभी आहेत. दाबोळीचा आयएनएस हंसा तळ हेच त्या विमानांच्या तुकड्यांचं (स्क्वाड्रन्सचं) जमिनीवरचं घर, म्हणून ती इथे.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. मुंबई-पुण्याहून शनिवार-रविवार जोडून सोमवारी परतणारे इथेच फसतात. विमानाने येत असाल तर तिकीट दाबोळीचं आहे की मोपाचं ते आधी बघा. दाबोळीहून संग्रहालय अगदी जवळ आहे. मोपा मात्र पार पेडण्याला, गोव्याच्या उत्तर टोकाला. रेल्वेने आलात तर मडगावला उतरून वास्कोची बस, आणि वास्कोहून बोगमाळोची. ही दुसरी बस लागोपाठ नसते. ताटकळण्यापेक्षा एकट्याने पायलट (मोटरसायकलवाला) करावा, भाडं आधी ठरवून.

सकाळी दार उघडताच आत शिरा. विमानं उघड्यावर आहेत, अकरानंतर खालून-वरून दोन्हीकडून भाजतं. आतली दालनं दुपारसाठी राखून ठेवा.

सुरुवात सी हॉक या लढाऊ जेटपासून करावी. शेपटीकडे जाऊन इंजिनाचं तोंड शोधा: तिथे ते नाहीच. जेटचा झोत पंखांच्या मुळाशी, दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. त्यामुळे मागच्या धडात इंधनाला जागा मिळाली. नाकाखाली २० मिमीच्या चार तोफा. मग वाकून पोट बघा. डेकवरच्या तारा पकडणारा हुक शेपटीखाली असतो. पंख वर दुमडतात, कारण लिफ्टने डेकखालच्या हँगरमध्ये उतरवायचं तर पूर्ण पसरलेले पंख परवडत नाहीत. १८ मे १९६१ ला विक्रांतवर उतरलेलं पहिलं जेट सी हॉकच होतं. वैमानिक लेफ्टनंट ताहिलियानी, पुढे नौदलप्रमुख.

इथे १९७१ ची खरी अडचण समजून घ्यावी. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेला होता. वाफेवर जहाज चालायचं आणि विमान फेकणारं कॅटापल्टही वाफेवरच. वेग कमी म्हणजे डेकवरून वाहणारा वारा कमी, म्हणजे विमानाला उचलायला आधार कमी, म्हणजे बॉम्ब आणि इंधनाच्या वजनाला कात्री. तरीही ४ डिसेंबरला सी हॉक पूर्व पाकिस्तानातल्या (आताचा बांगलादेश) कॉक्स बाजारवर गेली, आणि पुढे चितगाव, खुलना, मोंगला. विक्रांतचे कॅप्टन स्वराज प्रकाश यांना महावीर चक्र मिळालं.

शेजारचं अलिझे लोक पंखा बघून ‘जुनं प्रवासी विमान’ म्हणत ओलांडतात. तसं करू नका. तिघांचं हे पाणबुडीविरोधी विमान आहे, पोटातून खाली येणाऱ्या रडारसकट. रात्रीचे हल्ले याच्याकडे होते.

सी हॅरियरसमोर सगळ्यात जास्त सेल्फी निघतात, पण ते १९७१ मध्ये नव्हतंच. आपल्याकडे आलं १९८३ मध्ये. त्याच्यासाठी विक्रांतवर पुढे स्की-जंप (डेकचं वर वळलेलं टोक) बसवली, कॅटापल्ट गेलं आणि त्याबरोबर अलिझेचं डेकवरचं आयुष्यही संपलं. तीन शेपट्यांचं प्रचंड सुपर कॉन्स्टेलेशन तर कधीच कुठल्या जहाजाचं नव्हतं. ते किनाऱ्यावरून समुद्रटेहळणी करायचं. मुलांना आवडतं, बघा, पण वेळ सी हॉकला द्या.

आत विक्रांतची प्रतिकृती आणि छायाचित्रं आहेत. फोटोंवरचा आर-११ हा क्रमांक बघून गोंधळू नका, २०२२ मध्ये दाखल झालेल्या नव्या विक्रांतलाही तोच दिला आहे. एकूण दोन तास पुरतात. तळाच्या किंवा विमानतळाच्या कुंपणाकडे कॅमेरा वळवू नका.

दिवस उरला तर जुवारी पुलावरून दोनापावला गाठा. समोर मुरगाव दिसतं. १८ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्तीच्या लढाईत, बेतवा आणि बियास या आपल्या फ्रिगेट युद्धनौकांनी इथेच अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज युद्धनौकेवर मारा केला. ती बांबोळीकडे किनाऱ्याला लागली. हीच बियास दहा वर्षांनी बंगालच्या उपसागरात विक्रांतच्या सोबतीला होती. बांबोळीच्या वाळूत अवशेष शोधत बसू नका, ते जहाज कधीच भंगारात गेलं.