बंद खदानीतून तुम्ही घरी काहीच कसे आणले नाही?

वणीच्या बाजारात असो की कुणाच्या लग्नाच्या पंगतीत, मी कोळशाच्या खदानींत सर्व्हेअर होतो हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: त्या जुन्या, बंद पडलेल्या खदानींत आत काय असते, आणि तुम्ही एवढी वर्षे खाली उतरत होता तर तुमच्या घरी त्यातले काहीच कसे दिसत नाही? गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्याचे चार मित्र कपाळावर बांधायचे दिवे आणि मोबाइल घेऊन थेट अंगणात आले आणि म्हणाले, "मामाजी, एक जुनी खदान आतून दाखवा." त्यांना चहा पाजला आणि परत पाठवले. त्यांना जे नीट सांगता आले नाही, ते आता तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या वर्धा नदीच्या खोऱ्यात जमिनीखालची खदान ही कालपरवाची गोष्ट नाही. वरोऱ्याला कोळशासाठी वर्ध्याहून आगगाडीचा फाटा आला तो १८७० च्या दशकात, आणि तिथली खदान १९०६ मध्ये बंदही झाली. आज वरोरा म्हटले की लोकांना आनंदवन आठवते, खदान आठवत नाही. पुढे बल्लारपूर, घुग्घूस, राजूर, माजरी असे करत खदानी पसरल्या. १९७३ साली कोळशाचे राष्ट्रीयीकरण होईपर्यंत त्या खासगी मालकांच्या होत्या, आणि मालक बदलला की दप्तरही हलत असे. जमिनीखाली कोळशाचे चौकोनी खांब सोडून त्यांच्यामधून गॅलऱ्या, म्हणजे बोगद्यासारख्या वाटा, काढत जायचे, अशी ही पद्धत आहे. हे खांब शेवटी काढले, अर्धवट काढले की तसेच ठेवले, यावर वरच्या शेतांचे आणि घरांचे भवितव्य ठरते. ते सांगू शकतो तो फक्त नकाशा, आणि म्हणूनच खदान सोडताना तिचा शेवटचा नकाशा सरकारकडे जमा करावा लागतो. माझी बरीचशी नोकरी असल्या नकाशांवर अविश्वास दाखवण्यात गेली.

आधी आत जाण्याविषयी, कारण ते थोडक्यात सांगता येते: जाऊ नका. लोकांना छत कोसळण्याची भीती वाटते, जी रास्तच आहे, परंतु बंद खदानीतला खरा मारेकरी हवा असतो. कोळसा उघडा पडला की तो हवेतला ऑक्सिजन हळूहळू शोषून घेतो, आणि वारा खेळत नसलेल्या गॅलरीत मागे उरते ती नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा. तिला रंग नाही आणि ओळखू येईल असा वासही नाही. ऑक्सिजन सोळा-सतरा टक्क्यांवर आला की आमच्या जुन्या सेफ्टी लॅम्पची, म्हणजे जाळीत बंद केलेल्या दिव्याची, ज्योत विझते, आणि ती विझली की मागे फिरायचे, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवले गेले. त्या मुलांच्या कपाळावरचा बॅटरीचा दिवा मात्र माणूस खाली पडल्यावरही लख्ख जळत राहील. दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: खदान श्वास घेते. पाऊस येण्याआधी वातावरणाचा दाब उतरला की आतली खराब हवा तोंडातून बाहेर येते, आणि दाब चढला की बाहेरची हवा आत ओढली जाते. त्यामुळे काल ज्या तोंडाशी उभे राहून तुम्ही फोटो काढला, तिथेच आज चक्कर येऊ शकते. यात अस्वल, साप आणि चंद्रपूरच्या बाजूला बंद खदानींच्या झुडपांत वस्तीला येणारा वाघ मी मोजलेलाच नाही.

मी जुन्या खदानीत गेलो तो हौसेने नव्हे, कामासाठी, आणि तेही एकदाच नीट. आमची नवी खदान एका जुन्या, पाण्याने भरलेल्या खदानीच्या दिशेने सरकत होती. अशा पाण्याच्या साठ मीटरच्या आत परवानगीशिवाय काम करता येत नाही. १९७५ च्या डिसेंबरात धनबादजवळच्या चासनाला खदानीत साठलेले पाणी फुटून पावणेचारशेच्या आसपास माणसे बुडाली, तेव्हापासून हा नियम कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण साठ मीटर मोजायचे कुठून? जुन्या मालकाच्या काळच्या नकाशात गॅलऱ्या एका रेषेवर थांबलेल्या होत्या. आम्ही पुढे लांब छिद्रे मारत गेलो, तर त्या रेषेच्या बऱ्याच अलीकडेच छिद्रातून पाण्याची धार सुटली. पाणी हळूहळू उपसायला काही महिने गेले, पंख्याची हवा आत वळवली, ओव्हरमनने, म्हणजे पाळीवर देखरेख करणाऱ्याने, तपासून खूण केली, आणि मग मी, माझा मोजणीची साखळी धरणारा मदतनीस आणि कामाची जागा तपासणारा एक म्हातारा मायनिंग सरदार असे तिघे थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, घेऊन आत शिरलो.

खालचा भाग गाळाने भरलेला होता आणि तिथे बघण्यासारखे काही उरले नव्हते. परंतु कोळशाचा थर तिरपा असतो, आणि चढाकडच्या काही गॅलऱ्यांपर्यंत पाणी कधी पोचलेच नव्हते, कारण वर हवा कोंडून राहिली होती. तिथे सगळे जसेच्या तसे होते. एक टब, म्हणजे कोळसा वाहायचा छोटा डबा, रुळावरून उतरून कलता उभा होता आणि त्यात अर्धा कोळसा होता. छताला आधार देणारे सागाचे टेके पांढऱ्या बुरशीने कापसासारखे झाले होते. त्यांतल्या एकाला सरदाराने नुसते बोट लावले, तर बोट आत गेले. एका टेक्याला तारेने बांधलेली करवंटी होती, बहुधा पाणी प्यायची. भिंतीवर हातभर उंचीवर काजळीचा पट्टा होता, म्हणजे तिथे कुणीतरी रोज दिवा टेकवत असे. छतात मला एक खिळा दिसला आणि त्याच्याभोवती चुन्याचे वर्तुळ. ते माझ्या आधीच्या सर्व्हेअरचे स्टेशन, म्हणजे मोजणीची खूण, होते. नकाशात जिथे गॅलरी संपली होती त्याच्या खूप पुढे हा गृहस्थ माप घेऊन गेला होता. मोजले त्याने सगळे, कागदावर कुणी येऊ दिले नाही एवढेच. त्याचा मला त्या क्षणी जेवढा आदर वाटला तेवढा नोकरीत कुठल्या साहेबाचा वाटला नाही.

त्याच गॅलरीच्या टोकाला, कोळशाच्या भिंतीवर, खडूने लिहिलेली तारीख आणि दोन अक्षरे होती. सरदार रोज जागा तपासून अशी तारीख आणि सही टाकतो, ती पद्धत आमच्या काळातही चालू होती. साल ४४ होते. आणि त्या भिंतीच्या पायथ्याशी, चुऱ्यात, हिरव्या काचेच्या बांगडीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा होता. मी तो दिव्यासमोर धरला. सरदार म्हणाला, "साहेब, इथं बाया होत्या."

त्याचे म्हणणे सिद्ध करायला आमच्याकडे दोनच गोष्टी होत्या, आणि त्या दोन्ही एकमेकींच्या शेजारी होत्या म्हणूनच कामाच्या होत्या. बायकांनी जमिनीखाली काम करण्यावर १९२९ च्या नियमांनी टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि १९३७ मध्ये ती पूर्ण झाली. मग युद्ध आले, मजूर लष्कराच्या रस्त्यांवर आणि विमानतळांच्या बांधकामांवर जास्त पैशांनी जाऊ लागले, कोळसा कमी पडला, आणि १९४३ मध्ये सरकारने बायकांना पुन्हा खाली उतरू दिले. १९४६ मध्ये ते परत बंद झाले. एवढ्या अडीच-तीन वर्षांत टोपलीने कोळसा वाहून टबात भरणारी कुणी बाई त्या गॅलरीच्या टोकाला होती, तिचा हात दगडाला किंवा टबाच्या कडेला लागला, आणि बांगडी फुटली. भिंतीवरची तारीख नसती तर तो तुकडा १९३७ च्या आधीचाही असू शकला असता. तुकडा नसता तर ती तारीख नुसती तारीख होती. मी तो तुकडा होता तिथेच ठेवला आणि फील्डबुकात, म्हणजे मोजणीच्या वहीत, त्याचे माप घेतले.

हे शहाणपण मला जन्मतःच नव्हते, हेही सांगायला हवे. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी एका बंद खदानीच्या लॅम्परूममध्ये, म्हणजे दिवे देण्याघेण्याच्या खोलीत, वरूनच डोकावलो होतो. छप्पर उडालेले, आत तरोट्याचे रान, आणि भिंतीला दोन लाकडी फळ्या, खिळ्यांच्या रांगा मारलेल्या. पद्धत अशी असे: प्रत्येकाच्या नावाचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला; माणूस दिवा घेऊन खाली उतरला की बिल्ला एका फळीवर, वर येऊन दिवा जमा केला की दुसऱ्या फळीवर. पाळी संपल्यावर पहिल्या फळीवर बिल्ला उरला, म्हणजे माणूस अजून खाली आहे. सगळे बिल्ले केव्हाच भंगारात गेले होते. एकच, २१२ नंबरचा, एका खिळ्याला लटकत होता, हिरवट पडलेला, रुपयाच्या जुन्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, भोकाजवळ घासून पातळ झालेला. मी तो खिशात टाकला. घरी चिंचेने घासून लखलखीत केला आणि टेबलावर ठेवला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या ऐटीत दाखवत असे.

वर्षभराने त्याच खदानीत हाजरी लिहिणारे एक निवृत्त बाबू घरी आले. त्यांनी तो बिल्ला हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट केला आणि एवढेच विचारले, "कोणत्या फळीवर होता?" मला आठवेना. डावीकडची होती की उजवीकडची, आणि त्यातली कोणती खाली गेलेल्यांची, यातले काहीच मी पाहिले नव्हते. मी फक्त पितळ पाहिले होते. बाबू हसून म्हणाले की शेवटच्या दिवशी कुणी बिल्ला न उचलता सरळ गावाची गाडी धरली असेल, असे फार होत असे. असेलही. त्या दिवसापासून तो बिल्ला टेबलावर ठेवायची मला लाज वाटू लागली. परत नेऊन लटकवायचा तरी कुठे, दोन्ही फळ्या तोवर कुणीतरी चुलीत घातल्या होत्या. तो आता कपाटातल्या डब्यात असतो. तेव्हा घरी काहीच नाही हे म्हणणे पूर्ण खरे नाही. दाखवण्यासारखे काही नाही, असे म्हणा.

ज्यांना खरोखर आवड आहे त्यांना जमिनीवरच पुष्कळ आहे. थंडीच्या सकाळी जुन्या खदानींवरच्या माळाला भेगांतून वाफ निघताना दिसते आणि रॉकेलसारखा वास येतो. खाली राहिलेला कोळसा आपोआप तापत असतो. तिथे दुरूनच बघा, कारण वाफ निघते तिथली जमीन भरवशाची नसते. घुग्घूसला २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक राहते घर जुन्या खदानीवर असल्यामुळे बघता बघता खोल खड्ड्यात गडप झाले. घरातली माणसे आधीच बाहेर पडली म्हणून वाचली. जुन्या कामगार चाळींत बिलासपूरकडून आणि तेलंगणातून आलेल्यांची तिसरी पिढी राहते. त्यांच्याकडे बसा, हाजरीची पुस्तके, पगाराच्या चिठ्ठ्या, आजोबांचा दिवा मागा बघायला. फोटो काढा, कुठे ठेवला होता ते लिहून घ्या, आणि वस्तू त्यांच्याकडेच राहू द्या.

बांगडीच्या तुकड्याचे पुढे काय झाले, हे अजून सांगितले नाही. आमची मापे झाली, खरा नकाशा तयार झाला, आणि वरच्या गावाला धोका नको म्हणून त्या गॅलऱ्या पुढच्या वर्षी नदीच्या वाळूने पाइपातून भरून टाकल्या गेल्या. ते योग्यच झाले. मीच तशी शिफारस केली होती. टब, करवंटी, खडूची तारीख, खिळा, सगळे वाळूखाली आहे. तुकडा खिशात घातला असता तर तो आज असता, असे माझी बायको म्हणते आणि मला तिला नीट उत्तर देता येत नाही. फील्डबुकात त्या पानावर, स्टेशनपासूनच्या अंतरांच्या रकान्यात, पेन्सिलने लिहिले आहे: डावी भिंत, ३.२० मीटर, बांगडी, हिरवी, एक.