तुम्ही विचारलेत म्हणून: माझ्या भावाचे कोलेस्टेरॉल

“मॅडम, तुमच्या भावाचे कोलेस्टेरॉल तर नॉर्मल होते, मग कोलेस्टेरॉलचा सिद्धान्त खोटाच ठरला ना?” माझा धाकटा भाऊ 2011 मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने गेला, तेव्हापासून हा प्रश्न मला लग्नघरात, बँकेच्या रांगेत आणि सकाळी फिरायला गेल्यावरही विचारला जातो. विचारणाऱ्यांपैकी काहींना स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळी बंद करायची असते आणि त्यासाठी माझ्यासारख्या विकृतिशास्त्राच्या (पॅथॉलॉजीच्या) प्राध्यापिकेच्या घरातला मृत्यू त्यांना पुरावा म्हणून हवा असतो. याचा मला त्रास होतो, हे मी आजवर कोणाच्या तोंडावर बोलले नाही.

रक्तातल्या कोलेस्टेरॉलमुळे रोहिण्यांच्या, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्यांच्या, भिंती रोगट होतात, हा सिद्धान्त खोटा ठरलेला नाही. मात्र तो मी ज्या पद्धतीने शिकवत होते, ती पद्धत अपुरी होती, हे मला मान्य करावे लागते.

शवविच्छेदनाच्या टेबलावर महारोहिणी (हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रोहिणी) कात्रीने उभी चिरताना वयस्कर माणसाच्या बाबतीत करकर असा आवाज येतो, कारण तिच्या भिंतीत चुना साठलेला असतो. एखादा फुगवटा बोटाने दाबला की आतून पिवळसर, पेजेसारखा लगदा बाहेर येतो. ग्रीक भाषेत पेजेला जो शब्द आहे, त्यावरूनच जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फेलिक्स मार्चंड यांनी 1904 मध्ये या विकाराला अथेरोस्क्लेरोसिस हे नाव दिले. ही पेज कुठून आली, यावर पावणेदोनशे वर्षे वाद चालू आहे. व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ रोकिटान्स्की म्हणत की रक्तातले द्रव्य रोहिणीच्या आतल्या अंगावर थराथराने साचते, तर जर्मनीचे विरशो यांच्या मते रोग भिंतीच्या आतच सुरू होतो आणि त्याचे स्वरूप दाहाचे (इन्फ्लमेशनचे) असते. मग 1913 मध्ये सेंट पीटर्सबर्गला अनिच्कोव्ह आणि खालातोव्ह यांनी सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल सशांना खाऊ घातले आणि सशांच्या रोहिण्यांत तशीच पेज दिसू लागली. ससा शाकाहारी आहे, उंदीर आणि कुत्रा यांच्यात असे सहजासहजी घडत नाही, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो गैर नव्हता. अमेरिकेतले रसेल रॉस यांनी 1970च्या दशकात अंतःस्तराच्या, म्हणजे रोहिणीच्या सर्वांत आतल्या पातळ थराच्या, इजेवर भर दिला आणि 1999 मध्ये त्यांनीच या विकाराला दाहाचा विकार म्हटले.

हे सारे मी परीक्षेच्या प्रश्नासारखे शिकवत असे: अमुक सिद्धान्त, त्याच्या विरुद्ध तमुक सिद्धान्त, दोघांचे गुणदोष, पाच गुण. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण भिंतीत शिरून तिथे अडकून राहतात, त्यांच्यात बदल होतात, त्यांना गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी तिथेच मरतात आणि कधीतरी त्यावरचे आवरण फाटून गुठळी होते, या एकाच कथेत विरशो, अनिच्कोव्ह आणि रोकिटान्स्की तिघेही बसतात, हे मला कळत होते. पण तसे सांगायला तासात वेळ उरत नसे.

आता भावाविषयी लिहिते. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान होता आणि साताऱ्यात त्याचे शेतीच्या अवजारांचे दुकान होते. 2011 च्या मार्चमध्ये जिना चढताना छातीत जड वाटले म्हणून त्याने तपासण्या करून घेतल्या आणि फाईल घेऊन तो माझ्याकडे पुण्याला आला. एकूण कोलेस्टेरॉल 186, एलडीएल 122, एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ समजले जाणारे कोलेस्टेरॉल, 36, आणि त्या 36 पुढे प्रयोगशाळेने एक छोटी फुली छापलेली होती. ट्रेडमिल टेस्टच्या गुलाबी चौकड्यांच्या पट्ट्या मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून पाहिल्या. त्यांत दोष नव्हता. तो समोर बसून चहा पीत होता आणि त्याच्या शर्टाच्या खिशात तंबाखूची पुडी होती, जी मला दिसत होती. त्याने विचारले, “ताई, खरंच काही नाही ना?” मी म्हणाले, “काही नाही. तुझ्या रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत.”

त्या वाक्याला कोणताही आधार नव्हता. ट्रेडमिल टेस्ट वाहिनी अरुंद झाली आहे का, याचा अंदाज देते. भिंतीत काय शिजते आहे, हे ती दाखवू शकत नाही. रोग वाढताना रोहिणी आधी बाहेरच्या बाजूने फुगते आणि आतली वाट बराच काळ मोकळी राहते, हे अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ ग्लागोव्ह यांनी 1987 मध्ये दाखवले होते आणि तो निबंध मी स्वतः विद्यार्थ्यांना वाचायला देत असे. 122 हा आकडाही समाजातल्या सरासरीच्या मानाने नॉर्मल होता, एवढेच. नवजात बाळाच्या रक्तात एलडीएल साधारण 30च्या आसपास असते. म्हणून, जे मला भावाचे उदाहरण देतात त्यांना माझे उत्तर असे आहे की त्याचे कोलेस्टेरॉल नॉर्मल होते असे म्हणणेच चुकीचे आहे, आणि ते चुकीचे विधान सर्वांत आधी मी केले.

मे महिन्यात त्याला अटॅक आला. अँजिओग्राफीत डाव्या बाजूच्या मुख्य शाखेत गुठळी दिसली, आणि खालची जुनी अडचण फार मोठी नसावी, असे तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांनी मला सांगितले. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. तेव्हा तो 47 वर्षांचा होता.

मी माझी बाजूही मांडते. माझे शास्त्र पेशींचे आहे. भावावर उपचार करणे हे माझे काम नव्हते, आणि ज्यांनी त्याला तपासले त्यांनीही त्याला गोळी दिली नव्हती. पण हे लिहिताना 2011 मधली मी समोर उभी राहते आणि मला विचारते की मग त्याने फाईल तुझ्याकडेच का आणली होती.

2017 मध्ये कॅन्टॉस या औषधचाचणीचे निष्कर्ष आले. आधी अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांत एलडीएल न बदलता केवळ दाह कमी करणाऱ्या औषधाने पुढचे झटके सुमारे 15 टक्क्यांनी घटले. ते वाचून क्षणभर मला हायसे वाटले, कारण दोष दाहाचा असेल तर माझी चूक थोडी लहान होते. नंतर लक्षात आले की त्यातले बहुतेक रुग्ण आधीपासून स्टॅटिनही घेत होते, म्हणजे त्या निष्कर्षाने कोलेस्टेरॉलला सोडवले नव्हते आणि मलाही नाही.

अनोळखी कुटुंबांकडून शवविच्छेदनाची संमती मिळवण्यासाठी मी तीस वर्षे वऱ्हांड्यांत उभी राहिले. भावाच्या वेळी मला विचारले गेले तेव्हा मी नकार दिला. त्यामुळे आवरण फाटले होते की नुसते अंतःस्तराचे खरवडणे होते, भिंतीत दाहाच्या पेशी किती होत्या, यांपैकी काहीही मला ठाऊक नाही, आणि ते पाहण्याची एकच वेळ होती.

काही वर्षांपूर्वी मी स्वतःचे लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच एक कण, तपासले. ते मुख्यतः आईवडिलांकडून येते आणि नेहमीच्या तपासणीत मोजले जात नाही. माझे 90 निघाले, तर साधारणपणे 50च्या पुढचा आकडा जास्त समजतात. भावाचे कधीच मोजले गेले नव्हते. मागच्या महिन्यात भाच्याला आग्रह करून मी ती तपासणी करायला लावली आणि त्याचे नॉर्मल आले. तो अंश त्याला वडिलांकडून आला नाही, की वडिलांकडे तो मुळातच नव्हता, हे आता त्या कागदावरून ठरवता येत नाही.