तुझा मार्क कुठला?

डीप पर्पलचे दोन फॅन एकत्र आले की पाच मिनिटांत गाडी 'मार्क'वर येते. १९६८ साली इंग्लंडमधे सुरू झालेल्या या रॉक बँडमधली माणसं इतक्यांदा बदलली की प्रत्येक संचाला नंबर देऊनच बोलावं लागतं, मार्क वन, मार्क टू, मार्क थ्री असं, आणि मग कुठला भारी यावर रात्र जाते.

बहुतेकांचं मत मार्क टूला. गिटारवर रिची ब्लॅकमोर, गायला इयन गिलन, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, बेसला रॉजर ग्लोव्हर आणि ड्रम्सवर इयन पेस. यातला ब्लॅकमोर म्हणजे लहरी, मूड नसला की नसला, आणि गिलनही काही ऐकून घेणाऱ्यातला नव्हे. पण मला कायम वाटतं की भांडण बाजूला ठेवून हे लोक चांगलं वाजवत होते असं नाहीये, ते भांडणच वाजवत होते! 'मेड इन जपान' लावा, ऑगस्ट १९७२ चं लाइव्ह रेकॉर्डिंग, त्यात 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' मधे ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा टाकतो, गिलन तोच गळ्यातून काढून परत देतो, तो अजून अवघड टाकतो, हा अजून वर जातो, अगदी लावणीच्या फडातले सवाल-जवाब रंगावेत तसं. पब्लिक खुश. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमधे गिलननं राजीनामा पाठवला, रीतसर सहा महिन्यांची नोटीस देऊन. शेवटचा शो जून १९७३ ला, परत जपानमधेच, ओसाकाला. गंमत म्हणजे नेमकं तेव्हा त्यांचं 'स्मोक ऑन द वॉटर' गाणं अमेरिकेच्या चार्टवर वर वर चढत होतं. त्यात बिचाऱ्या ग्लोव्हरलाही जावं लागलं, कारण ब्लॅकमोरला बेसला दुसरा माणूस हवा होता.

मग गायला डेव्हिड कव्हरडेल आणि बेसला ग्लेन ह्यूज आले, हा मार्क थ्री. त्यांनी फंक आणि सोल संगीताचा रंग आणला, तो ब्लॅकमोरला झेपेना, आणि १९७५ मधे स्वतःच बाहेर. म्हणजे आधी जुने नकोत, मग नवे आले तेही नकोत. १९७६ ला दुकानच बंद.

१९८४ ला परत मार्क टू, सगळे आनंदात, १९८९ ला गिलनला काढलं, १९९२ ला परत बोलावलं कारण पंचविशी जवळ आली होती आणि रेकॉर्ड कंपनीला जुनाच गायक पाहिजे होता. मग जो अल्बम आला त्याचं नाव 'द बॅटल रेजेस ऑन', आता काय बोलणार. नोव्हेंबर १९९३ मधे हेलसिंकीच्या शोनंतर ब्लॅकमोर टूर अर्धी टाकून गेला तो गेलाच, आणि जपानच्या तारखा गिटारिस्ट जो सॅट्रियानीनं निभावल्या.

१९९५ च्या एप्रिलमधे बँड मुंबईत वाजवून गेला तेव्हा गिटारवर नवाकोरा स्टीव्ह मोर्स होता. तो शो नंतर 'बॉम्बे कॉलिंग' नावानं अल्बम म्हणून आला. ते नावही उगाच नाही, त्यांच्या 'चाइल्ड इन टाइम' ची सुरुवातीची धून सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बँडच्या 'बॉम्बे कॉलिंग' वरूनच सुचलेली.

मला मात्र या सगळ्यात कुतूहल वाटतं ते पेसचं. पहिल्या संचापासून आजपर्यंत प्रत्येक मार्कमधे असलेला हा एकच माणूस. लॉर्ड २००२ ला बाहेर पडला, २०१२ ला वारला, मोर्सनं बायकोच्या आजारपणामुळे २०२२ ला बँड सोडला, सायमन मॅकब्राइड आला, आणि मागे पेस आहेच, डावखुरा, गॉगल लावलेला. त्याच्या भांडणाच्या कथा कुणी सांगत नाही. 'स्ट्रेंज काइंड' परत ऐका, पण यावेळी त्या दोघांकडे दुर्लक्ष करून फक्त ड्रम्स, तो कुणाचीच बाजू घेत नाहीये, नुसती लय धरून बसलाय. म्हणून कुणी विचारलं तर मी मार्क टूच सांगतो, फक्त 'बर्न' गाण्यातला पेस ऐकला की थोडा डळमळतो, आणि ते आहे मार्क थ्रीचं.