सापडलं का रे?

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र आलं आणि मला आठवल्या त्या भूगोलाच्या बाई. स्नेहसंमेलनं, कबड्डीची ढाल यांवर बाकीचे लिहितीलच. मला बाईंवरच लिहायचंय.

आठवी ब. बाईंनी सांगितलं, पन्हाळा, जोतिबाचा डोंगर, रंकाळ्याच्या काठचा काळा दगड, हे सगळं सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचं. मी ताडकन उभा राहिलो. "बाई, हे खोटं आहे. पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे." आजोबांनी तसंच शिकवलं होतं. वर्ग हसला, मागून कुणीतरी "पाद्री!" म्हणून ओरडलं. बाई हसल्या नाहीत. "उद्या तुझा ग्रंथ घेऊन ये," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आजोबांचं बायबल आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून नेलं. मधली सुट्टी होती, बाईंचा डबा नुकताच खाऊन झाला होता. त्या उठल्या, लिंबाखालच्या नळावर गेल्या, हात धुतले, पदराला पुसले आणि मगच बायबल हातात घेतलं. आमच्या घराबाहेरचं माणूस त्याला असं जपून हात लावताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. (परवा शाळेत गेलो तर तो नळही नाही, लिंबही नाही. सगळीकडे पेव्हिंग ब्लॉक. फार वाईट वाटलं.)

मग बाईंनी मला बायबलातल्या पहिल्या पुस्तकाचे, म्हणजे उत्पत्तीचे, पहिले दोन अध्याय मोठ्यानं वाचायला लावले आणि वहीत क्रम लिहायला सांगितला. पहिल्या अध्यायात झाडं तिसऱ्या दिवशी, सूर्य चौथ्या, मग प्राणी, शेवटी स्त्री-पुरुष. दुसऱ्यात आधी माणूस, मग बाग, मग पशुपक्षी आणि शेवटी स्त्री. दोन रांगा जुळेनात. मला रडू फुटलं. वाटलं, आता म्हणतील, बघ, तुझाच ग्रंथ चुकलाय. पण बाई म्हणाल्या, "मला नाही याचं उत्तर माहीत. पण ज्यांनी हे एकापाठोपाठ एक ठेवलं, त्यांनाही हे दिसलंच असणार की रे. तरी का ठेवलं? शोध. सापडलं की मला येऊन सांग."

पुढं पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढली. कालव्याच्या खोदाईत काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये विटेसारखा लाल पट्टा दिसायचा. खालचा लाव्हा थंड होऊन, झिजून त्याची माती झाली, मग त्यावर दुसरा लाव्हा आला. तो पट्टा पाहिला आणि आजोबांची सहा हजार वर्षं माझ्यापुरती संपली. देव संपला नाही, पण ते कळायला वेळ लागला. वडील गेल्यावर तर प्रार्थनेचे शब्दच तोंडात येईनात. वर्षभर उपासनेला गेलो नाही. मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, शंका हे सैतानाचं काम. ते फार लागलं मनाला.

तेव्हा ती जुनी वही काढली आणि बायबल पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. त्यातला दुःखानं पिचलेला ईयोब देवाशी एवढा भांडतो, आणि शेवटी देव म्हणतो, माझ्याविषयी ठीक बोलला तो ईयोबच, त्याला गप्प करणारे मित्र नव्हेत. येशू मेलेल्यांतून उठला याचा त्याच्याच शिष्यानं, थोमानं, पुरावा मागितला तर येशूनं जखमांचे हात पुढं केले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले कवी ना. वा. टिळक तर सांगायचे, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आज मी पुन्हा उपासनेला जातो, गातो. आमच्या घरी शुक्रवारी वाचन असतं, तिथं कुणालाही काहीही विचारायची मुभा आहे.

बाईंना शेवटचा भेटलो तो मंगळवार पेठेतल्या घरी. नजर गेली होती. आवाजावरून ओळखलं आणि म्हणाल्या, "सापडलं का रे?"

"अर्धं सापडलं, बाई. दोन वेगळ्या काळच्या माणसांनी सांगितलेल्या दोन गोष्टी आहेत त्या, असं मला वाटतं. पुढच्यांनी त्यातली एकही टाकली नाही."

"आणि उरलेलं अर्धं?"

मी पिशवीतून बायबल काढलं. बाईंनी सुनेला हाक मारली, तांब्याभर पाणी मागवलं, बसल्या जागी हात धुतले आणि म्हणाल्या, "दे इकडं."