तुम्ही विचारलंत म्हणून: अपॉस्ट्रॉफी एक की दोन?

इंग्रजी व्याकरण शिकवते म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो. अक्षरांच्या डोक्याशी लटकणारं ते चिन्हही अपॉस्ट्रॉफी आणि कवी समोर नसलेल्या कुणाला हाक मारतो, तो अलंकारही अपॉस्ट्रॉफीच. हे कसं काय?

नातं आहे, पण सख्खं नाही, चुलत. मूळ ग्रीक: 'आपो' म्हणजे दूर, 'स्त्रेफेइन' म्हणजे वळवणं. (कॅटॅस्ट्रॉफीतली 'स्ट्रॉफी' हीच.) अलंकार वाढला तो न्यायालयात. वकील न्यायाधीशांशी बोलता बोलता मध्येच त्यांच्याकडे पाठ करून दुसऱ्याच कुणाशी बोलू लागतो, ते वळणं म्हणजे अपॉस्ट्रॉफी. रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन याने दिलेलं एक उदाहरण तर लाजवाब आहे. इ.स.पू. ४६. सीझरच्या विरोधकांना साथ दिल्याचा लिगारियसवर आरोप, न्यायनिवाडा खुद्द सीझरकडे आणि बचावाला सिसेरो. तो सीझरला सोडून एकदम फिर्यादीकडे वळतो: फार्सेलसच्या रणांगणावर तुझी ती उपसलेली तलवार काय करत होती, ट्युबेरो? म्हणजे फिर्यादी स्वतःच तिथे सीझरविरुद्ध उभा होता! हेच सीझरला सांगितलं असतं, तर ती चुगली झाली असती. क्विंटिलियनच्या उदाहरणांत टेकड्यांना आणि चक्क कायद्यांना मारलेल्या हाकाही आहेत. कवींनी उचललं ते हे.

चिन्हाचं नाव 'आपोस्त्रोफोस' या वेगळ्या रूपावरून आलं. ग्रीकमध्ये दोन शब्दांचे स्वर एकमेकांना भिडले की बऱ्याचदा पहिला गळतो. त्याला बाजूला वळवल्याची ही खूण. व्हेनिसला १५०१ मध्ये छापलेल्या पेत्रार्कच्या इटालियन कवितांत ती दिसते, १५२९ मध्ये जॉफ्र्वा तोरी याने फ्रेंचसाठी तिचा पुरस्कार केला आणि त्याच शतकात ती इंग्रजीत आली. फ्रेंचमध्ये दोन्ही शब्दांचं स्पेलिंग एकच झालं होतं. इंग्रजीने पुढे अलंकाराचा उच्चारही चिन्हाला चिकटवून टाकला.

पुढचा प्रश्न ठरलेला: मालकी दाखवताना कुठे काय गळतं? गळलेलं असतं 'ई'. जुन्या इंग्रजीत बऱ्याच नामांना षष्ठीचा 'ई-एस' प्रत्यय लागायचा, त्यातला स्वर झिजला. मधल्या काळात काही विद्वानांनी हे 'हिज'चं लघुरूप ठरवलं होतं: 'किंग हिज'चं 'किंग्ज'. मग 'क्वीन्स'चं काय, हे त्यांना कुणी विचारायला हवं होतं.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, कारण 'सोऽहम्'मधला अवग्रह हेच काम करतो. 'सः' आणि 'अहम्' जोडताना लोपलेल्या 'अ'ची ती खूण. गंमत म्हणजे मराठीत आपण त्याला उलटं राबवतो. 'अगंऽऽ' लिहिताना काही गळलेलं नसतं, उलट स्वर लांबवलेला असतो, आणि तोही बहुतेकदा कुणाला तरी हाक मारताना.