सेकंडहँड माउंटन बाइकची फ्रेम तुटली तर वॉरंटी मिळते का?

बिलावर ज्याचं नाव, वॉरंटी त्याची. माउंटन बाइकच्या फ्रेमवरची 'लाइफटाइम वॉरंटी' बहुतेक कंपन्या फक्त पहिल्या मालकाला देतात. सायकल विकली की ती संपली, मग फ्रेम सहा महिने जुनी असो की सहा वर्षं. म्हणून सेकंडहँड बाइकचा भाव करताना फ्रेमची वॉरंटी शून्य धरूनच बोलणी करावीत. विकणारा 'अजून वॉरंटीत आहे' म्हणाला तर तो खोटं बोलत असेलच असं नाही. त्याच्यासाठी ती खरोखर वॉरंटीत असते. तुमच्यासाठी असेल का, हे त्याला बहुधा माहीत नसतं.

अपवाद आहेत. काही कंपन्या दुसऱ्या मालकालाही ठरावीक वर्षांचं संरक्षण देतात, कुठे मालकी बदलल्याची नोंद केली तरच. पण ही मुदत साधारणपणे मूळ खरेदीच्या तारखेपासून मोजली जाते. पाच वर्षांची मुदत आणि चार वर्षं जुनी बाइक, म्हणजे तुमच्या वाट्याला एक वर्ष. शिवाय ती बाइक नवी विकली गेली तेव्हाच्या अटी बघायच्या. आज वेबसाइटवर दिसतात त्या वेगळ्या असू शकतात.

हे सगळं पैसे देण्याआधी विचारून घ्या. सीरियल नंबर बहुतेक फ्रेमवर बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचा दांडा जिथे फिरतो त्या भागाच्या) खाली कोरलेला असतो, काहींवर हेड ट्यूबवर (हँडलखालच्या छोट्या उभ्या नळीवर) किंवा चेनस्टेवर (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर). त्याचा फोटो जोडून कंपनीला ईमेल करा आणि नेमकं विचारा: या फ्रेमची वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते का, कोणत्या तारखेपर्यंत, आणि पुढचा त्रिकोण (फ्रेमचा मुख्य भाग), मागचा त्रिकोण (मागचं चाक धरणारा भाग), लिंक (त्यांना जोडणारा हलता सांधा) यांची मुदत वेगवेगळी आहे का. फोनवरचं उत्तर पुढे उपयोगी पडत नाही, लेखी हवं. विकणाऱ्याकडून मूळ बिलाची प्रत आणि तारखेसह खरेदीची सही केलेली चिठ्ठी घ्या. सीरियल नंबर घासलेला असेल तर ती बाइक सोडून द्या. वॉरंटीचा प्रश्न तर संपतोच, ती चोरीची असण्याची शक्यताही मोठी.

दुकानातून घेतलेली वापरलेली बाइक मात्र वेगळी. कंपनीची वॉरंटी आणि विकणाऱ्या दुकानाची कायद्याने असलेली जबाबदारी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. युरोपीय संघात नव्या वस्तूसाठी दुकानदाराची जबाबदारी किमान २ वर्षं असते. वापरलेल्या वस्तूसाठी काही देशांत ती कराराने कमी करता येते, पण १ वर्षाच्या खाली नाही. खाजगी माणसाकडून घेतल्यावर हे संरक्षण नसतं. दुकान थोडे पैसे जास्त घेत असेल तर फरक इथे आहे, आणि माझ्या मते फुल सस्पेन्शन (दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेल्या) बाइकसाठी तो बहुतेक वेळा द्यावा.

एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे रिकॉल. सुरक्षेच्या कारणाने परत बोलावलेल्या फ्रेमसाठी तुम्ही कितवे मालक आहात हे सहसा पाहिलं जात नाही. मॉडेल, वर्ष आणि सीरियल नंबर टाकून कंपनीच्या रिकॉल यादीत एकदा नक्की बघा. फ्रेम तुटल्यावरही पहिला शोध तिथेच घ्यावा.

आता बाइक समोर असताना काय बघायचं ते. ॲल्युमिनियमची फ्रेम बहुधा वेल्डच्या मधोमध नाही, वेल्डच्या कडेला तडकते. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथला धातू मऊ पडलेला असतो, आकारही तिथेच एकदम बदलतो, त्यामुळे ताण तिथे एकवटतो. आणि पोलादाला जशी थकव्याची एक खालची मर्यादा असते, म्हणजे तिच्याखालचा ताण कितीही वेळा आला तरी तडा जात नाही, तशी ॲल्युमिनियमला नसते. छोटे धक्केही कुठेतरी जमा होत राहतात. म्हणून डाउन ट्यूब (खालची तिरकी नळी) आणि हेड ट्यूबचा जोड खालच्या बाजूने, टॉप ट्यूब (वरची आडवी नळी) आणि सीट ट्यूबचा (सीटखालच्या उभ्या नळीचा) जोड, बॉटम ब्रॅकेटमागे चेनच्या बाजूचा चेनस्टे, शॉक (मागचा धक्काशोषक) जिथे बसतो तो कान, पिव्हट (हलते सांधे) आणि ड्रॉपआउट (मागच्या चाकाचा ॲक्सल बसतो त्या खाचा), या जागा आधी चिखल पुसून टॉर्चच्या उजेडात बघाव्यात. हेड ट्यूबच्या जरा मागे, डाउन ट्यूबच्या पोटाला रंगात आडव्या सुरकुत्या असतील किंवा बोटाला फुगवटा लागत असेल, तर ती बाइक समोरून कशावर तरी आदळलेली आहे. असा दावा कुठलीच कंपनी वॉरंटीत घेत नाही.

सीटपोस्ट (सीट धरणारी नळी) बाहेर काढायला सांगा. नळीवरचे ओरखडे कुठपर्यंत आलेत त्यावरून ती किती आत घालून चालवली हे कळतं. नळीवरच्या 'किमान इतकी आत' या खुणेच्या खालीच ओरखडे संपत असतील, म्हणजे आत पुरेशी नळीच नव्हती, तर सीट ट्यूबच्या वरच्या जोडाकडे नखाने चाचपून बघा. पोस्टचं खालचं टोक टॉप ट्यूबच्या जोडाच्या खाली गेलेलं असायला हवं. नाहीतर प्रत्येक धक्क्याला ते आतून सीट ट्यूब उचकटत राहतं.

रेघ रंगातली आहे की धातूतली, हा नेहमीचा घोळ. कापसाचा बोळा फिरवला आणि धागे अडकले तर संशय घ्या. खात्री हवी असेल तर वेल्डिंगवाल्यांकडे मिळणारा डाय पेनेट्रंट किट वापरा: जागा स्वच्छ करायची, लाल द्रव फवारायचा, १०–१५ मिनिटं थांबायचं, पूर्ण पुसायचं, पांढरा डेव्हलपर मारायचा. धातूत चीर असेल तर लाल रेघ वर येते. हे ॲल्युमिनियम आणि पोलादासाठी. कार्बनवर नाण्याने हलकं ठोकत जायचं. टणक आवाज जिथे बसका होतो तिथे आतले थर सुटलेले असू शकतात. भिंतीची जाडी बदलली तरी आवाज बदलतो, म्हणून डाव्या चेनस्टेवरची जागा उजवीकडच्या त्याच जागेशी ताडून बघायची.

वॉरंटी लागू असूनही दावे फेटाळले जातात, त्याची कारणं बहुतेक वेळा आधीच्या मालकाने करून ठेवलेली असतात. फ्रेम पुन्हा रंगवली, कुठे वेल्ड केली, केबलसाठी भोक पाडलं, की वॉरंटी गेली. कंपनीने १४० मिलिमीटर दबणारा फोर्क (पुढचं सस्पेन्शन) सांगितला असताना १६०चा बसवला असेल तरी तेच: लांब फोर्कमुळे हेड ट्यूबवरचा ताण वाढतो आणि २० मिलिमीटरमागे हेड अँगल (हेड ट्यूबचा जमिनीशी असलेला कोन) साधारण १ अंशाने कमी होतो. वापराचा वर्गही तपासला जातो. अनेक फ्रेमवर एएसटीएम एफ२०४३ या मानकाचं छोटं चिन्ह असतं. त्यातला वर्ग ३ सुमारे ६१ सेंटीमीटरपर्यंतच्या उड्यांसाठी, वर्ग ४ सुमारे १२२ सेंटीमीटरपर्यंत. वर्ग ३ची फ्रेम बाइक पार्कमध्ये मोठ्या उड्यांवर चालवली, तर तो गैरवापर. पिव्हटचे बोल्ट ढिले ठेवून लिंक मोडली, तर ती देखभालीची हयगय.

फ्रेम तुटलीच तर त्या क्षणापासून चालवणं बंद. तुटलेलं तोंड घासू नका, चिकटवू नका, दोन्ही तुकडे एकमेकांवर दाबून बसवून बघू नका. तपासणारा तेच वाचतो. थकव्याने वाढलेल्या भागावर भरतीच्या रेषांसारख्या बारीक कमानी असतात, पृष्ठभाग गुळगुळीत आणि मळाने काळवंडलेला असतो. शेवटी एकदम तुटलेला भाग चकचकीत आणि खरबरीत दिसतो. काळा भाग वेल्डच्या कडेपासून सुरू झालेला आणि आसपास पोचा नाही, तर दोष जोडात असू शकतो, तुमची बाजू भक्कम. सगळं तोंड ताजं खरबरीत आणि नळी वाकलेली, तर उत्तर 'अपघात' असंच येणार.

फोटो असे हवेत: चेनच्या बाजूने पूर्ण बाइक, सीरियल नंबर, तडा दूरून, तडा जवळून शेजारी पट्टी ठेवून, आणि बिल. चाकं, फोर्क, हँडलबार यांचेही फोटो द्या. ते सरळ असतील तर अपघात झाला नाही याचा तोच पुरावा. दावा बहुतेक वेळा अधिकृत विक्रेत्यामार्फत जातो, त्याला कंपनी आधी विचारते.

पहिल्या मालकाला त्याच्या नावाने दावा करायला सांगायचा, हा सल्ला सर्रास दिला जातो. वॉरंटी विक्रीबरोबर संपत असेल तर ती सरळ फसवणूक आहे, आणि त्यात तो माणूसही अडकतो. त्याऐवजी स्पष्ट लिहा की मी दुसरा मालक आहे, आणि सवलतीत फ्रेम किंवा सुटा भाग मिळेल का विचारा. अपघातात मोडलेल्या फ्रेमसाठीची क्रॅश रिप्लेसमेंट सवलत काही कंपन्या दुसऱ्या मालकालाही देतात. फक्त चेनस्टे किंवा लिंक मोडली असेल तर मागचा त्रिकोण सुटा विकत मिळतो का, हे आधी बघा. पूर्ण फ्रेमपेक्षा ते खूप स्वस्त पडतं.

नवी फ्रेम मिळाली तरी खर्च संपत नाही. जुनं मॉडेल बंद झालेलं असतं, म्हणून जवळचं दुसरं येतं, आणि मग मागच्या चाकाच्या हबची रुंदी १४२ मिलिमीटर, फ्रेम १४८ची ('बूस्ट' माप), सीटपोस्ट ३०.९, सीट ट्यूब ३१.६, शॉक जुन्या २१६ बाय ६३ मापाचा, फ्रेमला मेट्रिक २१० बाय ५५ लागतो, हेड ट्यूब लांब निघाली तर फोर्कचा स्टीअरर (हेड ट्यूबमधून वर जाणारी नळी) अपुरा. हे भाग आणि मजुरी वॉरंटीत सहसा येत नाहीत. होकार देण्याआधी मापांची यादी मागवा. बदलून आलेल्या फ्रेमची मुदतही अनेकदा पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही.

दुरुस्ती धातूवर अवलंबून. पोलादाची फ्रेम चांगला कारागीर जोडून देतो. टायटॅनियमही जोडता येतं, पण आतून-बाहेरून आर्गॉनचं आवरण देणाराच माणूस हवा. कार्बन तज्ज्ञाकडून नीट दुरुस्त होतं, हेड ट्यूब आणि बॉटम ब्रॅकेटजवळचं काम मात्र अवघड. ॲल्युमिनियम जोडू नका: ६०६१ या मिश्रधातूची फ्रेम वेल्डनंतर पुन्हा पूर्ण उष्णता-प्रक्रियेतून गेली नाही तर तिथे ताकद परत येत नाही, आणि तडा शेजारीच पुन्हा उघडतो. अशा फ्रेममधून हँगर (मागचा डिरेलर धरणारा तुकडा), ॲक्सल, हेडसेट, बेअरिंग, लिंक काढून घ्या आणि डाउन ट्यूब करवतीने कापून टाका, म्हणजे ती रंगवून पुन्हा कुणाला विकली जाणार नाही.