कारशिवाय टायर कॉम्प्रेसर चालवायचा उद्योग

आमच्या सोसायटीत कार स्टॅक पार्किंगच्या वरच्या ट्रेवर आणि टू-व्हीलर सगळ्या खाली गेटजवळ, त्यामुळे स्कूटरमध्ये नाहीतर पोराच्या सायकलमध्ये हवा भरायची तर आधी कार उतरवा, फिरवून गेटपाशी आणा, मग लायटर सॉकेटला कॉम्प्रेसर लावा, नुसता कुटाणा. म्हटलं हा कारशिवाय चालला पाहिजे.

मेव्हणा म्हणाला राउटरचा अडॅप्टर लाव की, तोही 12 व्होल्टचाच आहे. अरे पण त्यावर 2 अँपिअर लिहिलंय आणि कॉम्प्रेसरच्या बुडाशी 120 वॉट, म्हणजे 10 अँपिअर हवेत, कुठून येणार ते?

मग कॉम्प्रेसर पिशवीत घालून पुण्यातली तापकीर गल्ली, म्हणजे इलेक्ट्रिकच्या सामानाचा बाजार, गाठली. एलईडी पट्ट्यांना लावतात तो 10 अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या 230 व्होल्टचे 12 व्होल्ट करणारा पॉवर सप्लाय) दुकानदाराने तिथेच जोडून दाखवला तर मोटर नुसती टक... टक... करत बसली, कारण सुरू होताना मोटर क्षणभर कितीतरी जास्त करंट ओढते, एसएमपीएसला वाटतं ओव्हरलोड झाला, तो बंद पडतो, परत चालू होतो, परत बंद. 30 अँपिअरवाल्यावर मस्त चालली, पण त्याचे 230 व्होल्टचे स्क्रू उघडेच, ते धूड घेऊन पावसाळ्यात ओल्या पार्किंगमध्ये एक्स्टेंशन ओढत कोण बसणार, मी तरी नाही.

शेवटी यूपीएसमध्ये असते ती 12 व्होल्ट 7 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) सील्ड बॅटरी घेतली, दोन-अडीच किलोची, हातात धरून जिन्याने नेता येते. तिला लायटरचं फीमेल सॉकेट जोडलं, वायर 2.5 स्क्वेअर एमएमची (बारीक घेतली तर वायर तापते आणि मोटरला व्होल्टेजही कमी मिळतं), प्लसच्या वायरीत बॅटरीला अगदी लागून 15 अँपिअरचा फ्यूज. सॉकेटची मधली पिन प्लस, कडा मायनस, हे मीटरने बघूनच कॉम्प्रेसर खुपसला.

स्कूटरची दोन्ही चाकं आणि सायकल आरामात होते. बॅटरीचं काही नाही, कॉम्प्रेसरच आधी तापतो, नळीचं पितळी टोक चटका देतं, मग थोडा थांबतो. आणि काम झालं की बॅटरी लगेच चार्जिंगला, ही लेड ॲसिडची जात रिकामी पडून राहिली की सल्फेशन होऊन (आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसून) कामातून जाते, त्यामुळे चार्जर दुकानातून सोबतच घेतलेला बरा.